रात्रीचा भात, सकाळची फोडणी आणि दुपारच्या उलट्या

वाचकाचं पत्र

मी नाशिकला घरून डबे देते. दुपारचे 35 डबे असतात, मदतीला एक बाई आहेत. गेल्या महिन्यात एकाच दिवशी सहा जणांना जेवल्यावर दोन-तीन तासांत उलट्या सुरू झाल्या. रात्रीपर्यंत सगळे बरे झाले, पण दोघांनी डबा बंद केला. त्या दिवशी पोळ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि फोडणीचा भात होता. भात आदल्या रात्री करून पातेल्यात झाकून ठेवला होता. सकाळी फोडणीत चांगला परतून वाफही आणली. वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती, मी स्वतः चाखला होता. ओटा आणि भांडी रोज गरम पाण्याने धुते, फडकी फिनेलच्या पाण्यात बुडवते. आणखी काय करायचं राहिलं? बुधवारी चिकनचे डबे असतात, त्याची तर आता धास्तीच वाटते. आणि बाईंच्या बोटाला सारखं काही ना काही कापलेलं असतं, ते चालतं का?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात उपयोगाचा तपशील म्हणजे ‘दोन-तीन तासांत’. जेवण आणि त्रास यांच्यात किती वेळ गेला, यावरून जंतूचा अंदाज बांधता येतो. साल्मोनेला हा जंतू पोटात गेला, तर तो आतड्यात वाढायला वेळ घेतो. त्रास लवकरात लवकर सहा तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो आणि सोबत ताप असतो. कोंबडीतला कॅम्पायलोबॅक्टर तर दोन ते पाच दिवस घेतो. दोन-तीन तासांत उलटी होते, तेव्हा विष अन्नात आधीच तयार झालेलं असतं. असं विष बनवणारे आपल्या स्वयंपाकघरातले मुख्य दोघे: तांदळातला बॅसिलस सिरियस आणि माणसाच्या हातावर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नमुना तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पण रात्रभर पातेल्यात झाकलेला भात समोर असताना आमचा पहिला संशय त्याच्यावरच.

हा बॅसिलस मातीतला. तांदळाबरोबर तो घरात येतो बीजाणूंच्या रूपात, म्हणजे जाड कवचात झोपलेला. तांदूळ कितीही धुवा, सगळे बीजाणू जात नाहीत, आणि भात शिजतो तेवढ्या उष्णतेने ते मरतही नाहीत. उलट त्या उष्णतेने जागे होतात. भात 60 अंश सेल्सियसच्या खाली आला की वाढायला लागतात आणि 30 ते 37 अंशांत त्यांचं सगळ्यात फावतं. झाकलेल्या पातेल्यातला भात तासन् तास नेमका तिथेच असतो. भात उष्णता धरून ठेवतो. वरचा थर गार लागला, तरी पातेल्याच्या मधोमध पहाटेपर्यंत कोमट ऊब राहते. वाढता वाढता हा जंतू उलटीचं विष सोडतो, आणि ते विष 121 अंशांवर तास-दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे कुकरलाही ते दाद देत नाही. तुम्ही सकाळी परतलात, वाफ आणलीत, त्याने जंतू मेले असतील. विष तसंच राहिलं. त्याला ना वास, ना चव. तेव्हा चाखून पाहण्याने मिठाचा अंदाज कळेल, बाकी काही नाही.

35 पैकी सहाच जणांना का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. विष पातेल्यात सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. मधला कोमट भाग ज्यांच्या वाट्याला आला, आणि त्यातही ज्यांनी भात भरपूर खाल्ला, त्यांना त्रास झाला असावा.

आता उपाय. साधारण तीन किलो तांदळाचा आठ किलोंच्या आसपास भात होतो. तो रात्री नीट गार करायचा, तर 60 अंशांवरून 21 पर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 पर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवा. एप्रिल-मेमध्ये तुमचं स्वयंपाकघरच रात्री तिशीच्या आसपास असतं. पंख्याखाली भात 21 वर येणार तरी कसा? आणि आठ किलो कोमट भात घरच्या फ्रिजमध्ये कोंबला, तर तो गार व्हायच्या आधी शेजारचं दूध-दही गरम होईल. म्हणून आमचं स्पष्ट मत: डब्यांसाठी रात्रीचा भात हा प्रकारच बंद करा. एका घरापुरता दोन वाट्या उरलेला भात आणि 35 लोकांचा भात यांना एक नियम लावता येत नाही.

फोडणीचा भात मोकळा व्हावा म्हणून तो शिळा लागतो, ही सवय आहे, गरज नाही. सकाळी तांदूळ धुऊन 20 मिनिटं निथळत ठेवा. नेहमी घालता त्यापेक्षा वाटीमागे पाव वाटी पाणी कमी घाला, तीन किलोंना दोन-तीन चमचे तेल सोडा आणि दोन वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवा. झाला की दोन मोठ्या परातींत उलथा. थर दोन बोटं जाडीचा, त्याहून जास्त नको. वरून जाळी घाला, 15-20 मिनिटं वाफ जाऊ द्या, शीत मोकळं होतं. मग लगेच फोडणीत टाका, पुन्हा वाफ येईपर्यंत परता आणि गरमच डब्यात भरा. कांदा, मिरची, कढीपत्ता रात्री चिरून फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळचा वेळ तेवढाच वाचतो.

मटकीकडेही लक्ष द्या. मोड आणायला ऊब आणि ओल लागते, जंतूंनाही तेच लागतं. भिजवण्याआधी मटकी तीन-चार पाण्यांनी धुवा, फडक्याऐवजी जाळीच्या भांड्यात मोड आणा, दिवसातून दोन-तीनदा धुऊन निथळा आणि मोड आले की फ्रिजमध्ये टाका. कच्चे मोड कोशिंबिरीत घालून डब्यात देऊ नका. उसळ खळखळून शिजली की तो धोका जातो, पण मोठ्या पातेल्यातली घट्ट उसळ, वरण किंवा चिकनचा रस्सा यांचा आणखी एक वैरी आहे: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. त्याचेही बीजाणू शिजण्यातून वाचतात. 45 अंशांच्या आसपास तो दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. त्याच्यामुळे उलट्या फारशा होत नाहीत, पण आठ ते सोळा तासांनी पोटात कळा येतात, जुलाब लागतात. उसळ आदल्या दिवशी करावीच लागली, तर पातेलं टबात बर्फाच्या पाण्यात ठेवा, दर दहा मिनिटांनी ढवळा, वाफ गेली की दोन-तीन इंच खोलीच्या पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये टाका. अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, हा घरोघरचा नियम मोठ्या पातेल्याच्या बाबतीत घातक आहे. तो पाळण्याच्या नादात उसळ रात्रभर ओट्यावर राहते. सकाळी ती नुसती गरम करून भागत नाही, चांगली उकळी यायला हवी.

दोन वस्तू विकत घ्या. एक फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर, आत 5 अंश किंवा त्याहून कमी दिसलं पाहिजे. दुसरा टोक असलेला, अन्नात खुपसायचा. बर्फ-पाण्याच्या पेल्यात तो शून्य दाखवतो का ते महिन्यातून एकदा पाहा. उकळत्या पाण्यात तपासलात, तर 98 च्या आसपास दाखवेल. नाशिकच्या उंचीवर पाणी तेवढ्यावरच उकळतं, म्हणून यंत्र बिघडलं असं समजू नका.

डबे भरताना सगळा खेळ घड्याळाचा आहे. 5 ते 60 अंश हा जंतूंचा पट्टा. तुम्ही पावणेअकराला भरलात आणि माणूस दीडला जेवला, तर पावणेतीन तास गेले. भात-भाजी भरताना 70 अंशांच्या वर असू द्या. स्टीलचे डबे आधी उकळत्या पाण्याने विसळून गरम करून घ्या, नाहीतर गार डबाच दहा अंश खाऊन टाकतो. पोचवताना उष्णता धरणारी जाड पिशवी वापरा. बाहेर 32 अंशांच्या वर तापमान असेल, तर कोमट अन्न तासाभराच्या आत पोटात गेलं पाहिजे, हा हिशोब उन्हाळ्यात विसरू नका. पोळ्यांची चिंता करू नका, त्या कोरड्या असतात. कोशिंबिरीची करा. चार पुडांच्या डब्यात खाली वाफाळता भात आणि वर कोशिंबीर, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत ती ऐन उबेत येते. तिला वेगळी छोटी डबी द्या, फ्रिजमधून शेवटी काढा, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा. ओल्या खोबऱ्याची चटणी मार्च ते जून डब्यातून काढून टाका, दाण्याची किंवा जवसाची कोरडी द्या. कोणी तक्रार करणार नाही.

आता चिकन. त्याची धास्ती असलेली बरी, पण ती योग्य जागी असावी. शिजलेलं चिकन क्वचितच दगा देतं. दगा देतं ते कच्च्या चिकनचं पाणी, जे न शिजणाऱ्या गोष्टींना लागतं. म्हणून बुधवारी कोशिंबीर, कोथिंबीर, लिंबं, पोळ्या, सगळं चिकनची पिशवी उघडायच्या आधी उरकून झाकून ठेवा. पिशवी फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, तळाशी ताट घेऊन ठेवायची. वर ठेवली तर गळलेलं पाणी खालच्या कोथिंबिरीवर पडतं. गोठवलेलं असेल तर आदल्या रात्री त्याच कप्प्यात वितळू द्या, ओट्यावर नको.

धुण्याचं काय? खरं सांगायचं तर चिकन धुण्याने जंतू कमी होत नाहीत, शिंतोड्यांबरोबर नळाभोवती उडतात. शिजवूनच ते मरतात. पण आपल्याकडे न धुता चिकन शिजवणं बहुतेकांच्या मनाला पटत नाही, हेही माहीत आहे. तेव्हा धुवायचंच तर मोठ्या खोल भांड्यात पाणी घेऊन त्यात तुकडे बुडवा, हलक्या हाताने फिरवा, पाणी सिंकमध्ये अगदी खालून सोडा. नळाखाली धरू नका. सिंकमध्ये त्या वेळी दुसरं एकही भांडं नको. हळद-मीठ चोळून ठेवल्याने वास कमी होतो, जंतूंवर भरवसा ठेवावा इतका परिणाम होत नाही.

आणि मिसळणाचा डबा! सगळ्यात जास्त गफलत इथे होते. चिकनला लागलेल्या हाताने तिखटाचा चमचा उचलला जातो, मग मिठाची बरणी, मग नळाची मूठ, मग ऑर्डर आली म्हणून फोन. चिकनला हात लावायच्या आधी लागणारं तिखट, मीठ, हळद, आलं-लसूण एका वाटीत काढून घ्या. नळ कोपराने उघडता येईल अशी लांब मुठीची तोटी बसवून घ्या, प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे. चिकनची सुरी आणि पाट वेगळे, मुठीला लाल दोरा बांधा, म्हणजे बाईंनाही सांगावं लागणार नाही. विळीवर चिकन चिरू नका. पात्याच्या आणि पाटाच्या सांध्यात जे अडकतं, ते घासणीने निघत नाही. शिजल्यावर सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा, 74 अंश दिसले की झालं. टोक साबणाने धुऊन मगच दुसऱ्या भांड्यात घाला.

स्वच्छतेबद्दल तुम्ही लिहिलंत त्यात कष्ट भरपूर आहेत, पण क्रम चुकतोय. नळाचं गरम पाणी जंतू मारण्याइतकं गरम नसतं, तितकं असेल तर हात भाजेल. आणि फिनेल फरशीसाठी आहे. त्यात बुडवलेलं फडकं ओट्यावर, ताटांवर फिरवू नका. आधी साबणाने घासून तेलकटपणा काढायचा, मग स्वच्छ पाण्याने साबण काढायचा, आणि त्यानंतर जंतुनाशक. साबण किंवा खरकटं राहिलं, तर जंतुनाशक त्याच्यातच खर्ची पडतं. सुगंध न घातलेलं 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, मिळतं, एक लिटर साध्या पाण्यात 5 मिली, म्हणजे दशलक्ष भागांत साधारण 200 भाग क्लोरीन. पाट, सुरी, सिंक, ओटा यांवर हे पाणी दोन मिनिटं राहू द्या, मग पिण्याच्या पाण्याने पुसा किंवा विसळा. द्रावण रोज नवं करा, ते टिकत नाही. लिंबू, व्हिनेगर, संडास साफ करायचं ॲसिड यांच्याबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कोथिंबीर आणि काकडीसाठी हेच प्रमाण पातळ करा: 10 लिटर पाण्यात 12 मिली, पाच मिनिटं बुडवून पिण्याच्या पाण्याने धुवा. वासाची, रंगाची ब्लीच भाजीला नको.

फडक्यांची संख्या वाढवा. एक ओट्याला, एक गरम भांडी धरायला, एक हातांना, तिन्ही वेगळ्या रंगांची. रोज संध्याकाळी दहा मिनिटं उकळा आणि कडक उन्हात वाळवा. ओलं फडकं रात्रभर गोळा होऊन पडलं, तर सकाळी तुम्ही ओटा पुसत नसता, त्यावर जंतू सारवत असता. भांडी फडक्याने पुसण्यापेक्षा पालथी घालून वाळू द्या. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग आणि परत आलेल्या डब्यांच्या झाकणातली रिंग रोज काढून घासा. परत आलेले डबे ओट्यावर घेऊच नका, त्यांची जागा मोरीत किंवा दाराशी.

बाईंचं बोट. दुखरी जखम, पिकलेला फोड किंवा नखुर्डं असेल, तर त्या दिवशी पोळ्या लाटणं, कोशिंबीर कालवणं, डबे भरणं यांपैकी काही देऊ नका. स्टॅफिलोकॉकस तिथेच असतो आणि त्याचंही विष उकळून जात नाही. साधी कोरडी चीर असेल, तर पाणी न जाणारी पट्टी आणि वर हातमोजा. पट्टी निळ्या रंगाची घ्या, अन्नात पडली तर दिसते. मात्र हातमोजा घालून फोन उचलला, केस मागे सारले, की तो हातमोजा उघड्या हाताइतकाच घाण. बाईंनी आणि तुम्हीही अंगठ्या-बांगड्या काढून, साबणाने 20 सेकंद, अंगठे आणि नखांच्या कडांसकट हात धुवायचे: कामाला लागताना, संडासहून आल्यावर, कच्च्या चिकननंतर, पैसे किंवा फोन हाताळल्यावर. आमटीचा थेंब तळहातावर घेऊन चाटायची आपली पद्धत असेल, तर त्यानंतरही. जुलाब लागलेल्या माणसाने ते थांबल्यावर पुढचे 48 तास अन्नाला हात लावू नये. आणि त्या दोन दिवसांचा पगार कापू नका. कापलात तर पुढच्या वेळी बाई सांगणारच नाहीत.

घरगुती डबे दिले तरी अन्नसुरक्षा नोंदणी लागते, ती केली नसेल तर ऑनलाइन करून टाका. आणि रोज प्रत्येक पदार्थाचा साधारण 100 ग्रॅम नमुना, डबे भरतानाच, उकळलेल्या छोट्या डबीत काढा. वर तारीख-वेळ लिहून फ्रिजमध्ये तीन दिवस ठेवा, मग टाका. शेजारी वहीत भात कधी उतरला, डबे किती वाजता भरले, थर्मामीटरने काय दाखवलं, एवढं लिहा. पुन्हा कोणाचा फोन आला तर आधी तीन गोष्टी विचारा: कोणते पदार्थ खाल्ले, किती वाजता, आणि त्रास किती वाजता सुरू झाला. उलट्या-जुलाबांसाठी थोडं थोडं ओआरएस घ्यायला सांगा. पाणीही पोटात ठरत नसेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल, किंवा माणूस गरोदर, म्हातारा किंवा लहान मूल असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे पाठवा. ज्या पदार्थावर संशय आहे, त्याची डबी प्रयोगशाळेत जाईपर्यंत उघडू नका.